सार्वजनिक ठिकाणी कला साकारणाऱ्या स्थानिक कलाकारांना शहराने नेमका आधार कसा द्यावा?

महोत्सव भरवावेत, पुरस्कार द्यावेत की भिंती मोकळ्या करून द्याव्यात, असं तुम्ही विचारलंय. हे सगळं चांगलंच आहे, पण कलाकार टिकतो तो वर्षभर मिळणाऱ्या कामावर आणि वेळेवर हातात पडणाऱ्या पैशावर. म्हणून आधी काम देण्याची पद्धत बदलायला हवी.

भित्तिचित्राचं काम डांबरीकरणासारखं काढलं, म्हणजे निविदा, अनामत रक्कम, तीन वर्षांची उलाढाल आणि सर्वांत कमी दर, की एकटा चित्रकार दारातच अडतो. काम ठेकेदाराला जातं आणि तो चौरस फुटाच्या भावाने भिंत रंगवून घेतो. त्याऐवजी कलाकारांची खुली यादी ठेवावी. जुन्या कामाचे दहा फोटो आणि एक पान माहिती एवढ्यावर नोंदणी व्हावी. काम निघालं की यादीतल्या तीन ते पाच जणांकडून कच्चं रेखाटन मागवावं आणि त्याचे पैसे प्रत्येकाला द्यावेत, निवड होवो न होवो. नाहीतर ज्यांना फुकट राबणं परवडतं तेच शेवटी उरतात.

निधीसाठी जुनी, पारखलेली वाट आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पुनर्विकास प्राधिकरणाने 1959 साली आणि सिएटल शहराने 1973 साली बांधकाम खर्चातला एक टक्का कलेसाठी राखायचा नियम केला. यात एक मेख आहे. पैसा त्याच इमारतीला बांधून ठेवला तर मोठी बांधकामं जिथे होतात तिथेच कला दिसते. तो एका सामायिक निधीत जमा करण्याची सोय नियमातच हवी.

पैसे टप्प्याने द्या, पण पहिला टप्पा मोठा ठेवा: करारावर सही होताच 40 टक्के. रंग, परांची, मदतनीस हा सगळा खर्च सुरुवातीलाच येतो. बिल मंजूर होईपर्यंत तो कलाकाराने स्वतःच्या खिशातून करायचा म्हटलं, तर तो रंग पातळ करतो नाहीतर काम सोडतो.

आता भिंत. चित्र बिघडलं की दोष चित्रकाराला लागतो, पण बहुतेक वेळा मुरलेली ओल कारणीभूत असते. पाणी भिंतीतले क्षार बाहेर आणतं, आधी पांढरी पावडर दिसते, मग रंगाचे फुगे येतात आणि खपल्या पडतात. त्यामुळे भिंत तयार करून देणं ही शहराची जबाबदारी करारात लिहावी. नव्या प्लास्टरला किमान 28 दिवस द्यावेत. ओल तपासायला साधारण 45 सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर किमान 16 तास ठेवावं. आत थेंब जमले किंवा खालचा भाग काळवंडला, तर पाणी कुठून येतंय ते शोधून आधी गळती काढा. वरून प्रायमर फासून ओल दबत नाही.

देखभालीसाठी मूळ खर्चाच्या दहा टक्के वेगळे ठेवावेत, आणि डागडुजीला पहिली विचारणा मूळ कलाकारालाच व्हावी.

करारात कलाकाराचं नाव चित्राशेजारी कायम राहील, स्वामित्वहक्क त्याच्याकडे राहील आणि चित्र पुसण्याआधी त्याला 90 दिवसांची लेखी सूचना मिळेल, ही तीन कलमं हवीतच. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने ते परत देण्याचा आणि भरपाईचा आदेश दिला, पण तोवर 2005 साल उजाडलं होतं. आधीची एक सूचना किती मोलाची असते ते इथे कळतं.

नवख्यांना थेट तीन मजली भिंत देऊ नका, ते त्यांच्यावरच अन्यायाचं होतं. आधी रस्त्याकडेच्या विजेच्या डीपीच्या पेट्या रंगवायला द्या, मग अनुभवी कलाकाराच्या हाताखाली एक मोठं काम, तेही मानधनावर. परांचीवर चढायचं कसं, लहान चित्र चौकटी आखून भिंतीवर मोठं कसं करायचं, अंदाजपत्रक कसं मांडायचं, हे तिथेच शिकता येतं. त्यानंतरची भिंत त्यांच्या एकट्याच्या नावावर द्या.