वाचकांचे प्रश्न : टॉर्क कन्व्हर्टरचे लॉकअप आणि ब्रेकचा अधिकार

प्रश्न (खानापूर) : माझ्याकडे १९८७ सालचा शेव्हरोले पिकअप ट्रक आहे, इंजिन ५.७ लिटरचे, पेट्रोलवर चालणारे व्ही-८, आणि गिअरबॉक्स ७००आर४ हा चार गिअरचा ऑटोमॅटिक. गोव्यातील एका हौशी गृहस्थांकडून गाडी घेतली तेव्हा मूळ इंधन-इंजेक्शन व कॉम्प्युटर काढून साधा कार्ब्युरेटर बसवलेला होता. टॉर्क कन्व्हर्टरचे लॉकअप लागत नव्हते, म्हणून आमच्या वायरमनने डॅशबोर्डवर एक बटण बसवून दिले. बटण दाबले की इंजिनचा आवाज खाली येतो आणि गाडी छान पळते. गेल्या महिन्यात मात्र चोर्ला घाट चढून कणकुंबी ओलांडल्यावर जांबोटीच्या रस्त्याला म्हैस आडवी आली, मी जोरात ब्रेक दाबला आणि इंजिन जागच्या जागी बंद पडले. स्टिअरिंगही दगडासारखे झाले. बटण चालूच राहिले होते. ते काढून टाकावे का? कॉम्प्युटरशिवाय लॉकअप आपोआप लागण्या-सुटण्याची सोय होऊ शकते का?

उत्तर : बटण काढण्याचे कारण नाही, परंतु आज ज्या पद्धतीने ते जोडलेले आहे त्या पद्धतीने गाडी एक दिवसही चालवू नये. काय घडले ते आधी समजून घेऊ. इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनकडचा पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दोघांमध्ये तेलाखेरीज कोणतेही नाते नसते, म्हणूनच गाडी गिअरमध्ये उभी असतानाही इंजिन चालू राहते. याची किंमत अशी, की सरळ रस्त्यावर एका वेगाने जातानाही दुसरा पंखा पहिल्याच्या थोडा मागे राहतो आणि वाया जाणारी ताकद तेल तापवते. लॉकअप म्हणजे कन्व्हर्टरच्या आतच बसवलेली, अस्तर लावलेली एक प्लेट. सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या तेलाच्या व्हॉल्व्हला, वीज मिळाली की कन्व्हर्टरमधील तेलाची दिशा उलटते, प्लेट पुढच्या झाकणावर दाबली जाते आणि इंजिन व गिअरबॉक्स एकजीव होतात. अनेकांना हा पाचवा गिअर पडल्यासारखा वाटतो. पण या अवस्थेत चाके थांबली तर इंजिनलाही थांबावेच लागते. मॅन्युअल गाडीत क्लच न दाबता ब्रेक मारावा तसे. आपल्या गाडीचे तेच झाले, आणि इंजिन बंद पडताच पॉवर स्टिअरिंगचा पंपही थांबला.

आता मूळ जोडणी पाहा, कारण उत्तर तिच्यातच आहे. कारखान्यातून निघालेल्या या गाडीत सोलेनॉइडला जाणारे बारा व्होल्ट आधी ब्रेक पेडलवरच्या स्विचमधून जात आणि कॉम्प्युटर केवळ दुसऱ्या टोकाला अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी जोडणी) देई. कॉम्प्युटरने काहीही ठरवलेले असो, पेडलवर पाय पडला की वीज तिथेच तुटे. म्हणजे ब्रेकचा अधिकार कॉम्प्युटरच्याही वर ठेवलेला होता. आपल्या वायरमनने हरवलेल्या अर्थची सोय केली ती बरोबर, पण वीज बहुधा थेट फ्यूज बॉक्समधून ओढली आणि ब्रेकला वाटेतून वगळले.

दुरुस्तीचा उत्तम मार्ग म्हणजे पेडलवर दोन संपर्कांचा स्विच बसवणे : एक संपर्क पाय पडल्यावर जुळतो आणि मागचे दिवे लावतो, दुसरा पाय पडल्यावर सुटतो आणि लॉकअपची वीज तोडतो. तो मिळाला नाही तर पाच पिनांचा साधा बारा व्होल्टचा रिले (विजेने उघड-मीट होणारा स्विच) घ्यावा, जो हॉर्नसाठी आणि हेडलाइटसाठी सर्रास वापरला जातो. मात्र मधली ८७ए ही पीन असलेलाच घ्यावा. ब्रेक लाइटची तार ८६ला, ८५ला अर्थ, बटणाकडून येणारी तार ३०ला आणि सोलेनॉइडकडे जाणारी तार ८७एला. ८७ ही पीन मोकळी ठेवून तिच्यावर टेप गुंडाळावी, कारण घाईत त्याच पिनेला तार लावली तर सगळे उलटे होते आणि ब्रेक दाबल्यावरच लॉकअप लागते. सोलेनॉइड एक अँपिअरहूनही कमी वीज घेतो, म्हणून पाच अँपिअरचा फ्यूज पुरे. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी, बटण दाबावे, गिअरबॉक्सच्या जोडणीपाशी टेस्ट लॅम्प धरावा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. दिवा विझला तरच गाडी बाहेर काढावी. रिलेला मी दुसरा क्रमांक देतो तो एवढ्याचसाठी, की ब्रेक लाइटचा फ्यूज उडाला तर रिलेला ब्रेक दाबल्याचे कळतच नाही आणि लॉकअप लागलेलेच राहते. पेडलवरच्या स्विचला असा परावलंबीपणा नाही.

राहिला आपोआपचा प्रश्न. कॉम्प्युटरशिवाय ही सोय होते आणि ती दोन साध्या वस्तूंनी होते. पहिली म्हणजे गिअरबॉक्सच्या आत, तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीवर बसणारा चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच. चौथ्या गिअरच्या तेलाचा दाब आला की तो जुळतो, म्हणून त्याच्या खालच्या गिअरमध्ये लॉकअप लागण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरी वस्तू व्हॅक्यूम स्विच. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर हलका असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम चांगला असतो आणि पाय खोल गेला की तो कोसळतो. त्या क्षणी स्विच सुटतो, लॉकअप सुटते आणि ओव्हरटेक करताना लागणारी कन्व्हर्टरची वाढीव ओढ परत मिळते. त्याची नळी मात्र थेट मॅनिफोल्डला न लावता कार्ब्युरेटरच्या थ्रॉटल पट्टीच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) वरच्या छिद्राला लावावी. तेथे पाय पूर्ण उचललेला असताना व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे गाडी नुसती घरंगळत असतानाही लॉकअप सुटते. डिझेल इंजिनाला सहसा अशी थ्रॉटल पट्टी नसते, म्हणून आपले पाहून डिझेलवाल्यांनी हा स्विच आणू नये. ब्रेकचा स्विच, व्हॅक्यूम स्विच, चौथ्या गिअरचा स्विच आणि आपले बटण ही चारही एकाच वाटेवर ओळीने असावीत. तेव्हा आपले बटण लॉकअपला केवळ परवानगी देईल. ते लागायचे की नाही हे गाडी ठरवील.

जाता जाता एक सांगतो, आणि खरे तर हे मी सर्वांत आधी सांगायला हवे होते. या गिअरबॉक्सला थ्रॉटलपासून एक केबल येते, जिला टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल म्हणतात. पाय जितका खोल, तितकी ती केबल ओढली जाते आणि आतील तेलाचा दाब वाढतो. इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवला की केबल ज्या खुंटीला अडकते तिचे अंतर आणि कोन बदलतो, आणि केबल ढिली राहिली तर दाब कमी पडून तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच प्लेटा जळतात. इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि बॉनेटखाली वाकून केबल पूर्ण ताणली जाते का ते डोळ्यांनी पाहावे. नंतर दाबाचा गेज लावून खात्री करावी. हे झाल्याशिवाय लॉकअपच्या तारांना हात लावू नये.

घाटात काय करावे? चोर्ल्यासारख्या वळणावळणाच्या चढात वेग कमी, पाय खोल आणि ओझे जास्त असते. अशा वेळी मूळ कन्व्हर्टरमधील एकच प्लेट घसरते आणि तिचे अस्तर जळते. बटण बंद करावे, लिव्हर तिसऱ्यावर आणावा आणि कन्व्हर्टरला त्याचे काम करू द्यावे. उतारावरही बटण बंदच असावे, कारण प्रत्येक वळणाला ब्रेक पडणार आणि दर वेळी लॉकअप सुटून पुन्हा धक्क्याने लागणार. उतरण्यासाठी खालचा गिअर पुरेसा आहे.

प्रश्न (निपाणी) : माझ्या जुन्या ऑटोमॅटिक जीपला हायवेवर ६५ ते ७० च्या वेगात गाडी खडखडाट पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर येते. चाकांचे बॅलन्सिंग दोनदा झाले. मेस्त्री म्हणतात, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

उत्तर : उतरवण्याआधी एक विनाखर्चाची परीक्षा करावी. रिकाम्या सरळ रस्त्यावर, थरथर चालू असताना, ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करावा, मागचे दिवे लागतील इतकाच. थरथर तत्क्षणी थांबली आणि इंजिनचे फेरे थोडे वाढले, तर दोष लॉकअपच्या वेळी प्रकट होतो आहे. काहीच फरक पडला नाही तर चाके, प्रॉपेलर शाफ्ट व त्याचे क्रॉस पाहावेत. तवंदी घाटाच्या चढावर ही परीक्षा करू नये, मागून ट्रक येत असतात.

थरथर थांबली म्हणून लगेच कन्व्हर्टरला दोषी धरू नये. लॉकअप लागले की इंजिन आणि चाके यांमधील तेलाची गादी नाहीशी होते आणि एरवी गादीत जिरणारा इंजिनचा एखादा मिस, म्हणजे सिलिंडरमधील न पेटलेला ठोका, थेट सीटपर्यंत पोहोचतो. आमच्याकडे कन्व्हर्टर खराब म्हणून आलेली एक गाडी एका चिरलेल्या प्लग वायरवर बरी झाली होती. प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप आधी पाहावी. त्यानंतर तेलाची पातळी पाहण्याची पट्टी काढून तेल पांढऱ्या कापडावर टिपावे : लालसर आणि स्वच्छ असेल तर तेल व फिल्टर बदलून आशा ठेवता येते, काळपट, जळक्या वासाचे असेल तर अस्तर गेले असे समजावे. चेंबर सोडून काढलेल्या तेलात कन्व्हर्टरमधील तेल येत नाही, त्यामुळे एका बदलाने सगळे तेल नवे होते असा समज करून घेऊ नये.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : खानापूरच्या वाचकांसारखीच ७००आर४ गिअरबॉक्सची गाडी आमच्याकडेही आहे. लॉकअपची तार कायमची सोडून ठेवली तर काय बिघडेल? पूर्वीच्या ऑटोमॅटिक गाड्यांना लॉकअप नव्हतेच ना?

उत्तर : बऱ्याच गाड्यांना नव्हते, हे खरे. पॅकार्डने १९४९ मध्ये आपल्या अल्ट्रामॅटिकमध्ये थेट जोडणारा क्लच दिला होता, पण ही कल्पना सर्वत्र रुळली ती इंधन महागल्यावर. क्रायस्लरने १९७८ मध्ये ती आणली आणि ७००आर४ १९८२ मध्ये लॉकअपसह आला. फरक असा, की जुन्या तीन गिअरच्या पेट्या ओव्हरड्राइव्हशिवाय, म्हणजे इंजिनहून शाफ्ट जलद फिरवणाऱ्या गिअरशिवाय, चालत. आपल्या पेटीचा चौथा गिअर ०.७० चा आहे. इंजिन सावकाश फिरत असताना मोठे ओझे ओढते आणि लॉकअप नसेल तर कन्व्हर्टर अधिक घसरतो. शहरात, टिळकवाडी ते बाजारपेठ अशा फेऱ्यांना, तार सुटलेली असली तरी काही बिघडत नाही. कोल्हापूर किंवा हुबळीला हायवेने नेहमी जायचे असेल तर रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलर आणि तेलाच्या तापमानाचा गेज लावावा. ऐंशी-नव्वद अंशांत तेल सुखी असते. १२० च्या वर गेले की त्याचे आयुष्य झपाट्याने घटते.

लॉकअप लागते आहे की नाही हे कागदावरही पडताळता येते. टायरचा घेर सव्वादोन मीटर आणि मागच्या हौसिंगचे (मागच्या ॲक्सलमधील गिअरचे) प्रमाण ३.४२ धरले, तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ५९३ वेळा फिरते, त्याला ३.४२ ने आणि ०.७० ने गुणले की १,४२० येतात. चौथ्या गिअरमध्ये टॅकोमीटर (इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा) तेवढेच दाखवत असेल तर लॉकअप लागलेले आहे. तो स्पष्टपणे वर दाखवत असेल तर नाही. घेर मात्र आपल्या टायरचा, गाडी भरलेली असताना, खडूची खूण करून एक पूर्ण फेरा ढकलून मोजावा.