13 लिटरच्या टाकीवर लेह गाठायचं तर मोठी टाकी बसवावी का?

तुमचा प्रश्न असा: गाडी 350 सीसी, टाकी 13 लिटर, पुढच्या जुलैत मनालीमार्गे लेह, तर मोठी टाकी बसवून घेऊ का? नका बसवू. कंपनीने दिलेली टाकी बदलली की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि उद्या काही झालं तर विमावाला बोट दाखवायला मोकळा. एका ट्रिपसाठी एवढा उद्योग कशाला? पाच लिटरचा चांगला कॅन घ्या, काम झालं.

पण कॅनपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला 2014 च्या जुलैत कळली.

मी सांगलीचा. गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) बुलेट, टाकी चौदा लिटरच्या आसपास. मागे बायकोचा भाऊ. गाडी रेल्वेने पार्सल करून चंदीगडला नेली. पार्सल करताना टाकी रिकामी करून द्यावी लागते. उतरवल्यावर मेहुण्याने कुठूनतरी बाटलीभर पेट्रोल आणलं, टाकीत ओतलं आणि पंपावर गेला. मी तोवर स्टेशनबाहेर बॅगा राखत बसलेलो. परत आला तो शिट्टी वाजवत. ‘दाजी, टाकी फुल. काळजी करू नका.’

आता ज्यांनी कॉकवाली गाडी चालवलीय त्यांना पुढचं कळलं असेल. बाकीच्यांसाठी: कॉक म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी. तो मेनवर असला की तळाचं थोडं पेट्रोल शिल्लक असतानाच गाडी अडखळते, मग रिझर्व्हवर फिरवला की ते तळाचं मिळतं. बाटलीभर पेट्रोल तळाशी, मेनवर गाडी चालू होईना, म्हणून त्याने कॉक रिझर्व्हवर फिरवला. बरोबरच केलं. टाकी फुल केल्यावर तो परत मेनवर आणायचा असतो, तो आणला नाही. मनालीपर्यंत वाटेत पंप होतेच, त्यामुळे फरक पडला नाही.

मनालीत पुन्हा फुल केली. तेव्हा अटल बोगदा नव्हता, रोहतांग चढूनच जावं लागायचं. (ऑक्टोबर 2020 मध्ये बोगदा सुरू झाला, 46 किलोमीटर वाचतात. तुम्ही नशीबवान.) एकशेदहा किलोमीटरवर तांदीचा पंप, तिथली ती प्रसिद्ध पाटी: पुढचा पंप 365 किलोमीटर. हा आकडा लेहपर्यंतचा, कारूला त्याच्या पस्तीसेक किलोमीटर आधीच पंप लागतो. पाटीसमोर फोटो काढले आणि निघालो. भरलं का नाही ते शेवटी सांगतो.

दुसऱ्या दिवशी गाटा लूप्सची एकवीस वळणं, मग नकी ला, मग लाचुंग ला (ला म्हणजे खिंड). सांगलीत तीस-बत्तीस देणारी गाडी इथे चोवीसवर आली होती. दोन माणसं, सामान, पहिला-दुसरा गिअर. शिवाय उंचीवर हवा विरळ, कार्ब्युरेटर पेट्रोल मात्र जवळपास तेवढंच सोडतो, त्यामुळे ते नीट जळत नाही आणि प्लग काळा पडतो. पांगला तंबूत मॅगी खाल्ली. तंबूबाहेर निळ्या कॅनमध्ये पेट्रोल विकायला ठेवलेलं, भाव अर्थातच डोळे पांढरे करणारा. मी विचारलंसुद्धा नाही. का विचारू? रिझर्व्ह लागलीच नव्हती ना!

पांगच्या पुढे मोरे प्लेन्स. चाळीस किलोमीटर सपाट मैदान, साडेचार हजार मीटरच्या वर. (आमच्या गल्लीत तीन मोरे आहेत, त्यावर मेहुण्याचे विनोद चालू होते.) मैदान संपत आलं, समोर तंगलांग ला दिसायला लागला आणि गाडीने दोनदा भकभक केली. मी सवयीने हात खाली नेला, कॉक रिझर्व्हवर फिरवायला. तो आधीच तिथे होता.

ती बोटाला लागलेली कॉकची मूठ मला आजही आठवते. गार, आणि चुकीच्या बाजूला वळलेली.

गाडी कॉकच्या बाजूला आडवी केली, पलीकडच्या कप्प्यातलं चहाभर पेट्रोल इकडे आलं, त्यावर अर्धा किलोमीटर गेलो. मग ढकलत. त्या उंचीवर गाडी वीस पावलं ढकलली की बसावं लागतं. ट्रक थांबत होते, सगळे भले लोक, पण सगळे डिझेलवाले. दोन तासांनी तीन बुलेट आल्या. आपसात कन्नड बोलत होते. मेहुणा जतचा, त्याला कन्नड येतं. पाच मिनिटांत त्यांनी कॅनमधून तीन लिटर काढून दिलं, पैसे घेतले नाहीत, वर चिक्की दिली. तीन लिटरवर खिंड चढलो आणि पुढच्या उतारावर जपत जपत कारू गाठलं.

तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत. मेहुण्याचं म्हणणं, ‘माझ्या कन्नडमुळे वाचलात.’ माझं म्हणणं, तुझ्या कॉकमुळे अडकलो. हिशेब सरळ आहे. कॉक मेनवर असता तर पन्नास-साठ किलोमीटर आधी, म्हणजे पांगच्या आसपासच रिझर्व्ह लागली असती, आणि मी तो महागडा निळा कॅन मुकाट्याने घेतला असता. रिझर्व्ह म्हणजे जास्तीचं पेट्रोल नव्हे हो, त्याच टाकीतलं असतं ते. ती फक्त घंटा आहे. ज्याने ती आधीच वाजवून ठेवली त्याने कन्नडच्या गप्पा मारू नयेत.

तुमची गाडी नवी असेल तर एफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन) असणार, कॉक नसणारच. मग इंधनाच्या काट्यावर विसंबू नका, चढ-उतारावर तो काहीही दाखवतो. टाकी भरली की ट्रिप मीटर शून्यावर आणा. घरचा अ‍ॅव्हरेज विसरा, त्यातून पाव भाग वजा करून हिशेब धरा. आणि एफआय गाडी कोरडी होईपर्यंत चालवू नका, टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो.

कॅन धातूचा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला घ्या, पाण्याची बाटली नको. सायलेन्सरपासून लांब बांधा. गळ्यापर्यंत भरू नका. उंचीवर झाकण हळू उघडा, आत दाब साठतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो कॅन संकटासाठी जपून ठेवू नका. टाकीत पाच लिटरची जागा झाली की ओता, म्हणजे दिवसभर पेट्रोलचा वास घेत बसावं लागत नाही. पन्नास-पंचावन्नच्या वेगाने चाला, टायरमध्ये हवा नीट ठेवा, एअर फिल्टर निघण्याआधी साफ करा. याने जे वाचतं ते वाचतं, पण कॅनची जागा ते घेत नाही.

आता तांदीचं. पंपावर पंधरा-वीस गाड्यांची रांग होती, टाकीत दहाएक लिटर होतंच. ‘जाऊ दे, चार लिटरसाठी तासभर कोण थांबतो’ असं एकजण म्हणाला. तो एकजण मी. मेहुण्याला हे आठवत नाही, आणि तो हे वाचणार नाही अशी आशा आहे. पण कॉक त्यानेच ठेवला होता.