आधी जा, मग ये

प्रिय मुली,

प्रभूच्या नावात सलाम.

दर रविवारी पेटीवर बसतेस, गीतं सुरात जातात, प्रभूची प्रार्थना तोंडातून आपोआप येते आणि मन कुठंच नसतं. असं ढोंग करण्यापेक्षा चर्चला जाणंच बंद करू का, असं विचारतेस. ‘प्रार्थना करत जा, सगळं ठीक होईल’ असलं काही मी लिहिणार नाही. ते तुला घरी भरपूर ऐकायला मिळत असणार.

मी अडलो तिसऱ्या पानावरच्या एका ओळीपाशी. नाताळच्या कार्यक्रमात चुलतबहिणीचं गीत तू ऐन वेळी दुसरीला दिलंस आणि तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नाही. हे ओझरतं लिहून तू पुढे गेलीस, आणि मन लागत नाही म्हणून पुढची दोन पानं भरलीस. बाळा, दुखणं त्या ओळीत आहे.

मत्तयाचा पाचवा अध्याय काढ, २३ आणि २४ ही वचनं. संडे स्कूलमध्ये मीच पाठ करून घेतली होती. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव. आधी जा, समेट कर, मग येऊन दान दे. नीट वाच. तुझ्या मनात काय आहे हे प्रभू इथं विचारतच नाही, भावाच्या मनात काय आहे ते विचारतो. तू मात्र नाताळपासून स्वतःचंच मन चाचपत बसली आहेस: आज भक्ती वाटली का, आज डोळ्यांत पाणी आलं का. उपवासकाळात चहा सोडलास, चांगलं केलंस. पण चहा सोडणं सोपं आहे गं. आधी जा. आणि दान घरी परत ने असंही तो म्हणत नाही. मग ये, म्हणतो. चर्च सोडायचा तुझा विचार इथंच संपला.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात, वाँटेजला झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की आठेक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी शास्त्र जाणणारी बाई! तेव्हा तुझ्या कोरडेपणाचं फार नवल करू नकोस. त्या सगळ्या काळात त्यांचं काम थांबलं नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या व उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांच्या केडगावच्या आश्रमात १९०५ साली आलेल्या संजीवनाबद्दल, त्या आत्मिक जागृतीबद्दल, आपल्याकडे किती बोलतात. तुम्ही तरुण मंडळी तर सभांतून तेच मागता. ते संजीवन ज्या घरात उतरलं, ते घर दुष्काळातून आणलेल्या मुलींनी भरलेलं होतं. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आधी जाणं झालं होतं.

लक्ष्मीबाई टिळकांनी तर बाप्तिस्म्याच्या आधीच ठरवलं होतं की आता कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. सोवळ्यात वाढलेल्या बाईला तो पहिला पेला केवढा जड गेला असेल!

माझंही सांगतो. तुमच्या घरात त्याची चर्चा झालीच असेल. विहिरीच्या पाळीवरून थोरल्या भावाशी फाटलं, तेव्हा मी प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस घेणं थांबवलं. मंडळी रांगेनं पुढे जायची, मी बाकावर बसून राहायचो. कमिटीवर असल्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांवर यायचं. नाटक करतो म्हणाले. मी हटलो नाही, आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. प्रभूची भाकर घ्यायची आणि सोमवारी भावाच्या बांधावरून मान फिरवून जायचं, हे माझ्यानं झालं नसतं. शेवटी त्याच्या घरी गेलो. तो बाजेवरून उठला नाही, बस म्हणाला नाही. वहिनीनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली तरी आम्ही दोघं गप्प. पाळीचा वाद त्या दिवशी मिटला नाही, अजूनही धुमसतो. पण भाऊ बोलायला लागला आणि पुढच्या प्रभुभोजनाला मी रांगेत उभा राहिलो. मन भरून आलं होतं का, आठवत नाही. त्याचं मला काही वाटतही नाही. वाईट वाटतं ते एवढंच, की वडील असताना हे झालं नाही. आम्हा दोघांना एका बाकावर बसलेलं बघायची त्यांची फार इच्छा होती.

आता ‘पण सर, चूक तिचीही आहे’ असं उलट लिहू नकोस. असेल. वचनात त्याची चौकशी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सॉरी’ टाकून मोकळीही होऊ नकोस. आईला बरोबर नेऊ नकोस, आणि ईस्टरच्या गीताचं आमिष तर मुळीच दाखवू नकोस. शनिवारी सरावाच्या आधी एकटी जा. घरात घेतलं नाही तर दारातच सांग, ‘तुझं गीत मी तुला न विचारता काढून घेतलं.’ कारणं जोडू नकोस. ती काही बोलली तर ऐकून घे, नाही बोलली तरी थोडं थांब. मग रविवारी ये आणि पेटीवर बस.

तुझे,
सर