इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा मेसेज उघडला तर त्याला कळतं का?

नाही. असा मेसेज आधी 'रिक्वेस्ट'मध्ये पडतो. तिथे निर्धास्त वाचा. 'ॲक्सेप्ट' दाबेपर्यंत समोरच्याला 'सीन' दिसत नाही. गडबड होते ती पुढे. ॲक्सेप्ट करून नुसतं "कोण आपण?" विचारलंत तरी खातं चालू आहे, उत्तर मिळतं, हे त्याला कळतं. आणि लिंक तर रिक्वेस्टमध्ये असतानाही उघडू नका.

त्रास असेल तर आधी स्क्रीनशॉट घ्या (खातं नंतर गायब झालं तर पुरावा तेवढाच उरतो), मग रिपोर्ट, मग ब्लॉक. ब्लॉक करताना त्याची इतर आणि नवी खातीही अडवण्याचा पर्याय येतो, तोच निवडा. नाहीतर तोच माणूस दुसऱ्या नावाने परत येतो.

व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाने तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये घालू नये म्हणून सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्समध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवा.