वाचकांचे प्रश्न : पेशीविभाजनात वाटणी चुकते तेव्हा

प्रश्न : सूत्री विभाजनात, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होताना, दोन्ही पेशींना ४६ गुणसूत्रांचा पूर्ण संच मिळतो. एखादं गुणसूत्र मागे राहिलं तर पेशीला ते कळतं का?

उत्तर : बहुतेक वेळा कळतं, आणि पेशी थांबते. विभाजनाआधीच प्रत्येक गुणसूत्र दुहेरी झालेलं असतं. त्याची दोन अर्धगुणसूत्रं कोहेसिन या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेली असतात. ही दोन जिथे घट्ट जुळलेली असतात त्या गुणसूत्रबिंदूवर प्रत्येक अर्धगुणसूत्राचं एक कायनेटोकोअर, म्हणजे प्रथिनांची पकडीची जागा, असतं. पेशीच्या दोन टोकांकडून येणारे ओढीचे धागे, म्हणजे तुर्कतंतू, तिथेच पकड घेतात: एकाला या टोकाचे, दुसऱ्याला समोरच्या टोकाचे. दोन्हीकडून ओढ बसली तरच पकड पक्की होते. दोन्ही तंतू एकाच टोकाचे असले तर ताण येत नाही. मग अरोरा बी हे विकर ती पकड सोडवतं आणि जोडणी पुन्हा होते.

मोकळ्या कायनेटोकोअरकडून ‘थांबा’ असा इशारा जात राहतो. ४६ गुणसूत्रांची मिळून ९२ कायनेटोकोअर; त्यांपैकी एक मोकळं असलं तरी विभाजन अडवायला तेवढं पुरतं. सगळी अडकली की इशारा थांबतो, सेपरेज हे विकर कोहेसिनची कडी तोडतं आणि पश्चावस्था, म्हणजे अर्धगुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जाण्याची अवस्था, सुरू होते.

गोम वेगळीच आहे. एकाच कायनेटोकोअरला दोन्ही टोकांच्या तंतूंनी धरलं, तर ते मोकळं नसल्यामुळे इशाराच जात नाही. असं अर्धगुणसूत्र मधेच रेंगाळतं आणि कधी मुख्य केंद्रकाबाहेर पडून स्वतःचं चिमुकलं केंद्रक करून बसतं. त्याचं आवरण कच्चं असतं. ते फाटलं की आतल्या डीएनएचे तुकडे होतात आणि पुढे भलत्याच क्रमाने जोडले जातात. कर्करोगाच्या पेशींत अशी मोडतोड बऱ्याचदा सापडते.

काही कर्करोगविरोधी औषधं याच इशाऱ्याचा फायदा घेतात. व्हिन्क्रिस्टिन तंतू बनूच देत नाही. पॅक्लिटॅक्सेल बनलेले तंतू सुटू देत नाही. दोन्हीत इशारा चालू राहतो आणि विभाजन अडतं. केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर विभागतात, त्यांनाही या औषधांचा फटका बसतो, म्हणून केस गळतात.

प्रश्न : आईचं वय वाढलं की डाऊन सिंड्रोमचा धोका का वाढतो?

उत्तर : डाऊन सिंड्रोममध्ये बाळाला २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा मिळतं. स्त्रीबीजांचं अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन, मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होतं आणि पूर्वावस्थेत, म्हणजे पहिल्याच टप्प्यात, अडून राहतं. ते पुढे सरकतं थेट बीज बाहेर पडायच्या सुमारास. म्हणजे चाळिशीतल्या बीजात कोहेसिनही चाळीस वर्षांचं. ते जवळजवळ बदललं जात नाही. ते झिजलं की जोड्या वेळेआधी सुटतात आणि २१ क्रमांकाची दोन गुणसूत्रं एकाच बीजात जाऊ शकतात. वयाच्या २५व्या वर्षी हा धोका साधारण १२५०त एक, ३५व्या वर्षी ३५०त एक, ४०व्या वर्षी १००त एक. ३५ ही काही सीमारेषा नव्हे.

थोड्या मुलांत मात्र २१व्या गुणसूत्राचा जादा भाग दुसऱ्याच गुणसूत्राला चिकटलेला असतो. तिथे आईचं वय गौण ठरतं. अशा मुलाच्या पुढच्या भावंडासाठी गरोदरपणाआधी आईवडील दोघांचीही गुणसूत्र तपासणी करून घ्यावी. आणि गरोदरपणात आईच्या रक्तावर होणारी डाऊन सिंड्रोमची चाचणी फक्त शक्यता सांगते. निदान हवं तर गर्भजलाची तपासणी, साधारण १५ आठवड्यांनंतर.

प्रश्न : कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर विभाजनाच्या अवस्था दिसतच नाहीत.

उत्तर : बहुधा तुकडा वरचा घेतला जातोय. विभाजन होतं ते टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच. तरीही तिथल्या बऱ्याच पेशी दोन विभाजनांच्या मधल्या काळातच असतात, त्यामुळे एकाच जागी नजर न लावता स्लाइड सरकवत राहा.