छोट्या कॉमिक्स शोमध्ये टेबल मांडताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अमेरिकेत अग्निशमन केंद्राच्या सभागृहात, माजी सैनिकांच्या क्लबात किंवा महामार्गालगतच्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये भरणारे एकदिवसीय कॉमिक्स शो हा या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय आहे. सॅन डिएगोच्या महाकाय कॉमिक कॉनचे अनुभव इथे फारसे उपयोगी पडत नाहीत. तिथे येणारा माणूस विमानाचे तिकीट काढून आलेला असतो. इथे येणारा बहुधा वीस-पंचवीस मैलांवरून, खिशात चाळीस-पन्नास डॉलर घेऊन आणि बरोबर मुलाला घेऊन येतो. भाड्याने घेतलेल्या टेबलावर विक्रीसाठी काय मांडायचे, याचा निर्णय त्या माणसाकडे पाहून घ्यावा लागतो.

प्रश्न: माझे पती एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत. माझा एच-4 (जोडीदाराचा व्हिसा) असून मला ईएडी (काम करण्याचा परवाना) मिळाले आहे. आम्ही दोघांनी मिळून जुने कॉमिक्स विकत घेऊन शोमध्ये विकण्याचे ठरवले आहे. शनिवार-रविवारचा छंद म्हणून हे चालेल का? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुम्ही करू शकता. तुमच्या पतींनी करू नये. एच-1बीवर काम करण्याची परवानगी विशिष्ट मालकाकडच्या विशिष्ट नोकरीपुरती असते, आणि नफ्यासाठी माल विकत घेऊन तो टेबलामागे उभे राहून विकणे हा स्वतःचा व्यवसाय झाला, मग तो सुट्टीच्या दिवशी का असेना. घरातला स्वतःचा जुना संग्रह एकदाच विकून टाकणे आणि दर महिन्याला शो गाठून खरेदी-विक्री करणे यांत मोठा फरक आहे. तुम्ही वर्णन केलेला बेत दुसऱ्या प्रकारात मोडतो. एच-1बीधारकांच्या ठरावीक जोडीदारांना 2015 पासून मिळू लागलेल्या ईएडीवर मात्र स्वतंत्र व्यवसाय करता येतो. म्हणून टेबलाची नोंदणी, बँक खाते, कार्ड स्वीकारण्याचे खाते आणि विक्रीकराचा परवाना हे सारे तुमच्या नावावर असावे. पतींनी सकाळी गाडीतून खोकी उतरवून दिली तर कोणी आक्षेप घेणार नाही. दिवसभर गिऱ्हाईक सांभाळणे वेगळे. तुमचे ग्रीन कार्ड प्रलंबित असेल तर एका तासाची फी देऊन वकिलाकडून हे लेखी घ्यावे. ती फी टेबलाच्या भाड्याहून बरीच जास्त होईल, पण इथे काटकसर करू नये.

विक्रीकराबाबत नवे विक्रेते हमखास एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे कर शो ज्या राज्यात भरतो त्या राज्याचा लागतो. न्यू जर्सीत सर्वसाधारण दर 6.625 टक्के आहे, पेनसिल्व्हेनियात 6, आणि फिलाडेल्फिया शहरात स्थानिक कर धरून 8. न्यू जर्सीत व्यवसाय नोंदणीचा एनजे-रेग हा अर्ज व्यवसाय सुरू करण्याच्या निदान पंधरा कामकाजी दिवस आधी भरावा लागतो. पेनसिल्व्हेनियात कायमचे दुकान नसलेल्या फिरत्या विक्रेत्यासाठी वेगळे प्रमाणपत्र असते, आणि न्यूयॉर्क राज्यात परवाना टेबलावर दिसेल असा ठेवावा लागतो. सुटे नाणे मोजत बसण्यापेक्षा सर्व किमती पूर्ण डॉलरमध्ये ठेवून ‘किमतीत कर समाविष्ट’ असा फलक लावणे सोयीचे असते. संध्याकाळी कराचा वाटा हिशेबातून वेगळा काढता येतो.

प्रश्न: 1990 ते 1995 या काळात मी ओहायोत एमएस करत असताना घेतलेले सुमारे सहाशे कॉमिक्स तळघरात आहेत. त्यांत ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाचही मुखपृष्ठांसह आणि काळ्या पाकिटातला, न उघडलेला ‘सुपरमॅन’ 75 आहे. निवृत्तीनंतर हे शोमध्ये मांडून बऱ्यापैकी रक्कम उभी राहील अशी अपेक्षा आहे. — एक वाचक, कोलंबस, ओहायो

अपेक्षा थोडी खाली आणावी लागेल, आणि त्याचे कारण समजून घेणे गरजेचे आहे. तुम्ही नेमके अशा वर्षांत खरेदी केली जेव्हा प्रत्येक जण गुंतवणूक म्हणून खरेदी करत होता. 1991 च्या ‘एक्स-मेन’ पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांनी उचलल्या. चार वेगवेगळी मुखपृष्ठे एकमेकांना जोडली की एक सलग चित्र होते आणि पाचव्या आवृत्तीत तेच चित्र घडीच्या मुखपृष्ठावर येते, म्हणून एकेका वाचकाने पाच-पाच प्रती घेतल्या आणि त्या तुमच्यासारख्याच जपून ठेवल्या. सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक 1992 च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा दुकानांबाहेर रांगा लागल्या होत्या आणि ते काळे पाकीट न फोडता ठेवणे हे शहाणपण मानले जाई. जी वस्तू सर्वांनी जपली ती आजही सर्वांकडे आहे. पूर्वीच्या दशकांतले अंक महाग झाले, कारण मुलांनी ते वाचून, दुमडून, फाडून टाकले आणि आयांनी रद्दीत घातले. ही रद्दी तुमच्या अंकांच्या वाट्याला आलीच नाही.

तरीही सहाशे अंकांत काही चांगले निघण्याची शक्यता खरी आहे, आणि ते बहुधा ज्यांचा त्या वेळी गाजावाजा झाला नाही अशा अंकांत असतील. ‘न्यू म्युटंट्स’ 98 (1991) शोधा. डेडपूल हे पात्र त्यात प्रथम आले. तसाच पात्राच्या पहिल्या दर्शनामुळे ‘अनकॅनी एक्स-मेन’ 266 (1990) गॅम्बिटसाठी, ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ 361 (1992) कार्नेजसाठी आणि ‘बॅटमॅन अ‍ॅडव्हेंचर्स’ 12 (1993) हार्ली क्विनसाठी मागितला जातो. हे सापडले तर खोक्यात ठेवू नका. टेबलामागे उभ्या जाळीवर, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर लावा. किंमत ठरवताना ईबेवर लोक काय मागत आहेत हे न पाहता प्रत्यक्षात कितीला विकले गेले तो आकडा पाहावा, आणि तोही तुमच्या प्रतीच्या अवस्थेशी जुळणारा. मुखपृष्ठावरची चौकटही पाहा. तिथे बारकोड असेल तर ती वृत्तपत्राच्या स्टॉलवर विकली गेलेली प्रत असण्याची शक्यता असते, आणि कॉमिक्सच्या दुकानातल्या प्रतीत त्या जागी बहुधा छोटे चित्र असते. नव्वदच्या दशकातल्या स्टॉलच्या प्रती कमी टिकल्या, म्हणून काही संग्राहक त्यांना थोडे जास्त देतात. अवस्था ठरवून प्लास्टिकच्या कवचात बंद करून देणारी सीजीसी ही कंपनी 2000 सालापासून काम करते. पण फी, टपाल आणि प्रतीक्षा धरता वर सांगितल्यासारखे आणि जवळजवळ निर्दोष असलेले अंकच तिकडे पाठवण्यासारखे असतात.

उरलेले पाचशे पन्नास? ते डॉलरच्या खोक्यात घाला. यात कमीपणा काही नाही; छोट्या शोमध्ये गर्दी याच खोक्यांभोवती असते. एक डॉलरला एक, पाचाला सहा, असा भाव ठेवावा आणि मालिकेनुसार, अंकांच्या क्रमाने लावावे, कारण इथला गिऱ्हाईक मालिकेतली तुटलेली जागा भरायला आलेला असतो आणि अस्ताव्यस्त खोके तो दोन मिनिटांत सोडून जातो. शॉर्ट बॉक्स (कॉमिक्ससाठीचा आखूड पुठ्ठ्याचा डबा) आणा. त्यात बॅग-बोर्डासह (प्लास्टिकचे पाकीट आणि अंकामागे ठेवायचा पुठ्ठा) दीडशेच्या आसपास अंक मावतात आणि तो एकट्याने उचलता येतो. त्याहून लांब असलेला लाँग बॉक्स भरल्यावर पाठीची परीक्षा घेतो. बोर्ड आम्लरहित असावा आणि पाकिटाची चिकटपट्टी उघडल्यावर मागे वळवून चिकटवावी, कारण अंक बाहेर ओढताना ती मुखपृष्ठाला लागली तर त्या क्षणी किंमत निम्मी होते. तुमच्या तळघरात ओल असेल तर आधी टाचण्यांवर गंज चढला आहे का ते पाहा. गंजलेल्या टाचणीभोवतीचा तपकिरी डाग लपवून विकू नये; शोमध्ये तीच माणसे वर्षभर पुन्हा पुन्हा भेटतात.

‘बऱ्यापैकी रक्कम’ म्हणजे किती, ते तुम्ही लिहिलेले नाही. टेबलाच्या भाड्याच्या चार-पाच पट विक्री झाली तर मी तो दिवस चांगला धरतो. निवृत्तीचा आधार म्हणून याकडे पाहू नये.

प्रश्न: मी पुण्याहून मुलीकडे सहा महिन्यांसाठी येत आहे. माझ्याकडे गोथम कॉमिक्सने छापलेल्या ‘स्पायडर-मॅन: इंडिया’च्या प्रती आणि मराठी इंद्रजाल कॉमिक्स आहेत. तिकडच्या शोमध्ये एखादे टेबल घ्यावे का? — एक वाचक, पुणे

पर्यटक व्हिसावर टेबल घेऊन विक्री करू नये. ते व्हिसाच्या हेतूशी विसंगत आहे.

आता वस्तूंविषयी. 2004 साली आलेल्या पवित्र प्रभाकर या ‘स्पायडर-मॅन: इंडिया’च्या नायकाला 2023 च्या अ‍ॅनिमेशनपटानंतर अमेरिकेत नवे चाहते मिळाले. मात्र मार्व्हलनेही ही मालिका अमेरिकेत छापली होती, त्यामुळे तिथला संग्राहक आधी कोणती छपाई आहे हे विचारेल. रुपयांतली किंमत असलेले मुखपृष्ठ हीच तुमच्या प्रतीची ओळख आहे. तिचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. इंद्रजालचा मामला निराळा आहे. 1964 ते 1990 या काळात निघालेल्या या अंकांचा, त्यातही मराठी आवृत्तीचा खरा गिऱ्हाईक महाराष्ट्रातच आहे, कारण त्याला वेताळ आणि बहादूर मराठीतून वाचलेले आठवतात. ओहायोच्या हॉलमध्ये ते कुतूहलाने चाळले जातील आणि परत ठेवले जातील. ते पुण्यातच ठेवून या, आणि शो पाहायला मात्र जरूर जा.

प्रश्न: माझी सतरा वर्षांची मुलगी कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या एका मुलीवर इंग्रजीत कॉमिक काढते आहे. तिला शोमध्ये ते विकायचे आहे. आयोजक म्हणतात, सोबत स्पायडर-मॅनची चित्रे काढून ठेव, तीच खपतात. काय करावे? — एक वाचक, फिलाडेल्फियाजवळ, पेनसिल्व्हेनिया

आयोजकांचे निरीक्षण बरोबर आहे आणि सल्ला अर्धवट आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या पात्रांची चित्रे परवान्याशिवाय छापून विकणे हे हक्कभंगच आहे. कंपन्या छोट्या शोमध्ये सहसा मागे लागत नाहीत, म्हणून ती सगळीकडे दिसतात. शिवाय ती मांडली की लोक तेवढीच घेतात आणि तिचे स्वतःचे पुस्तक टेबलाच्या कोपऱ्यात पडून राहते. त्याऐवजी तिच्याच पुस्तकातल्या कुस्तीगीर मुलीची दहा डॉलरची मोठी छापील चित्रे आणि दोन डॉलरची स्टिकर्स ठेवा. पाच डॉलरचे पुस्तक न घेणारा माणूस स्टिकर घेतो, आणि स्टिकरवर मालिकेचे नाव असले तर पुढच्या वेळी पुस्तकही घेतो.

पहिला अंक सोळा किंवा वीस पानांचा असावा. मध्ये टाचणी मारलेल्या पुस्तकाची पाने चारच्या पटीत बसवावी लागतात. साधा लेटर आकाराचा कागद मधोमध दुमडला की होणारा आकार घरच्या प्रिंटरवरही निघतो. पहिल्या शोसाठी पन्नास प्रती पुरेत. छापखान्याचा दर प्रती वाढल्या की उतरतो, म्हणून पाचशे छापण्याचा मोह होतो, आणि त्या पाचशे प्रती पुढे कित्येक वर्षे पलंगाखाली सापडतात.

मुलगी लाजाळू आहे असे तुम्ही लिहिले आहे. तिने भाषण करण्याची गरज नाही. थांबलेल्या माणसाला सांगायचे एक वाक्य तयार असले की झाले. उदाहरणार्थ, ‘आजोबांची तालीम वाचवण्यासाठी मुलग्यांच्या आखाड्यात उतरणाऱ्या मुलीची गोष्ट.’ तालीम, लाल माती, शड्डू हे शब्द पुस्तकातून काढून टाकू नका. परक्या वाचकाला चित्रातून अर्थ लागतो, आणि त्याच तपशिलांमुळे हे पुस्तक शेजारच्या टेबलांवरच्या शंभर पुस्तकांपेक्षा निराळे दिसते. तुम्ही शेजारी बसा, पण तिच्या वतीने बोलू नका. पालक बोलू लागले की गिऱ्हाईक नम्रपणे हसून पुढे सरकते.

उरलेल्या प्रती जवळच्या कॉमिक्सच्या दुकानात ठेवता येतात. विक्रीनंतर साठ टक्के तुम्हाला आणि चाळीस दुकानाला, अशी वाटणी पुष्कळदा असते. दोन-तीन अंक झाले की मेरीलँडमध्ये 1994 पासून भरणाऱ्या स्मॉल प्रेस एक्स्पो या स्वतंत्र कॉमिक्सच्या मेळ्यातल्या टेबलांसाठी अर्ज करावा. तिथे सोडत असते, त्यामुळे नाव पहिल्या वर्षी लागले नाही तरी नवल नाही.

प्रश्न: घासाघीस करणाऱ्यांशी कसे बोलावे, आणि लोक स्वतःचे अंक विकायला आणतात ते घ्यावेत का? — एक वाचक, डॅलस, टेक्सास

घासाघीस इथल्या रीतीचाच भाग आहे. ‘कमीत कमी किती?’ असे विचारले की तो अपमान समजू नये. मनात दहा-पंधरा टक्क्यांची जागा धरूनच किंमत लिहा, सकाळी ती फारशी सोडू नका, आणि एकापेक्षा जास्त अंक घेणाऱ्यालाच सवलत द्या. दुपारी तीननंतर डॉलरच्या खोक्यांवर मात्र सढळ व्हा, म्हणजे परत नेण्याचे ओझे कमी होते. एक आणि पाच डॉलरच्या नोटा भरपूर ठेवा. हॉटेलच्या तळमजल्यात फोनला रेंज नसते, तेव्हा कार्ड घेणाऱ्या ॲपची ऑफलाइन सोय आधी घरी तपासा.

अंक जरूर विकत घ्या. चांगला माल बहुधा असाच हाती येतो. पण 1974-75 चे मार्व्हलचे अंक समोर आले तर आतली पाने उलटून पाहा. त्या काळी वाचकांच्या पत्रांच्या पानावर कापून चिकटवण्याची छोटी तिकिटे छापत असत आणि मुलांनी ती खरोखरच कापली. वुल्व्हरीन हा एक्स-मेनमधला नायक ज्यात प्रथम पूर्णपणे दिसला तो ‘इन्क्रेडिबल हल्क’ 181 याच काळातला आहे. बाहेरून सुरेख दिसणाऱ्या प्रतीत ते तिकीट नसेल तर तिची किंमत कितीतरी पटींनी खाली येते. आणणाऱ्यालाही ते बहुधा ठाऊक नसते, म्हणून पैसे देण्याआधी ते पान उघडून त्याच्यासमोरच दाखवा.