खर्चाची वही घेऊनच प्रार्थनेला बस

बाप्तिस्मा झाला तरी घरभाडं, मुलांची फी, आईची औषधं यांची काळजी सुटत नाही, म्हणजे आपला विश्वासच कच्चा, असं तू म्हणालास. असं मनाला लावून घेऊ नकोस. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 6 वा अध्याय सलग वाच. ‘उद्याची चिंता करू नका’ हे अध्यायाच्या शेवटी येतं, पण त्याच्या आधी ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं मागायला प्रभू येशूनेच शिकवलंय. मागायला लाजू नकोस.

मी सांगेन ते करून बघ. रात्री जेवणं आटोपली की या आठवड्यात काय द्यायचंय ते वहीत लिही: दूधवाला, लाइटबिल, गॅस. एकेक रक्कम मोठ्याने वाचून स्वर्गातल्या पित्यासमोर ठेव. ‘सगळं नीट कर’ अशी मोघम प्रार्थना केली की काळजी तशीच घेऊन आपण झोपतो. आणि आज जे मिळालं त्याबद्दल आधी आभार मान. प्रेषित पौलानेही फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना, पत्र लिहून आभारासह मागायला सांगितलं, तेही कैदेतून. त्याच पत्रात त्यांनी पाठवलेली मदतही तो आनंदाने स्वीकारतो. म्हणून अडचण असेल तर पाळकसाहेबांना सांग. चर्चची मंडळी त्यासाठीच असते.

काम मात्र सोडू नकोस. निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी प्रार्थना केल्या, तशा विहिरीही खणून घेतल्या.

रविवारी उपासनेनंतर थांब, आपण दोघं वही बघू.